सदर फूल अन्यत्र आढळत नाही

टिपणीकाकांच्या बुटात त्या सकाळी खडा गेला नसता तर वनस्पतिशास्त्राचं काय झालं असतं, या विचाराने ते अजूनही अस्वस्थ होतात. निदान तसं ते सांगतात तरी.

कॉलनीमागच्या टेकडीवर ते रोज फिरायला जात. फिरायला म्हणजे पाण्याच्या जुन्या टाकीपर्यंत जायचं, टाकीकडे नापसंतीने बघायचं आणि परत यायचं. त्या दिवशी टाकीच्या अलीकडच्या सपाट काळ्या खडकावर ते बसले, बूट काढला, खडा काढला, नीट न्याहाळून बाजूला ठेवला आणि खड्याच्या शेजारीच त्यांना ते दिसलं. शर्टाच्या बटणाएवढं फूल. रंग जांभळट. पाकळ्या चार, त्यांतली एक बाकीच्या तिघींशी भांडण झाल्यासारखी मागे वळलेली. मधोमध दोन बारीक काळ्या रेघा, एखाद्या खडूस साहेबाने मजकुराखाली ओढाव्यात तशा.

दुसरा कोणी असता तर बूट घालून चालू लागला असता. पण काका चौतीस वर्षं सरकारी कचेरीत होते, त्यांतली शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. त्यांच्या टेबलावरून एकही कागद टिपणी लिहून घेतल्याशिवाय पुढे गेला नव्हता. नाव पडलं ते त्यावरूनच. निवृत्त झाल्यावर कागद यायचे थांबले, टिपणी थांबली नाही. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि लिहिलं: ‘सकाळी सहा बावन्न. टाकीच्या अलीकडे फूल, नग एक. ओळख पटत नाही.’

आता, ओळख न पटलेली गोष्ट तशीच सोडून घरी जाणं हेडक्लार्कला जमत नाही. काकांनी फोटो काढला आणि कॉलेजात शिकवणाऱ्या पुतणीला पाठवला. पुतणीने तो विद्यापीठात वनस्पती शिकवणाऱ्या तिच्या एका ओळखीच्या बाईंना पाठवला. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी पाठीवर पिशवी, गळ्यात भिंग आणि अंगावर कालच्या प्रवासाचीच धूळ, अशा त्या बाई काकांच्या दारात उभ्या. चहासुद्धा नको म्हणाल्या. काकूंना ते लागलं, पण तो विषय वेगळा.

खडकावर पोचल्यावर बाई उकिडव्या बसल्या, भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ ते खाली घेतलंच नाही. काकांना वाटलं, फूल नामंजूर झालं.

“काका,” बाई शेवटी म्हणाल्या, “तुम्हाला हे सापडलं कसं?”

“बूट काढताना.”

“आमचे सर याला अठरा वर्षं शोधत होते.”

“त्यांनी बूट काढले नसतील,” काका म्हणाले. विनोद करायचा त्यांचा हेतू नव्हता. त्यांना ते खरंच कारण वाटलं.

मग बाईंनी सगळं समजावून सांगितलं. हे फूल जगात फक्त या टेकड्यांच्या रांगेत उगवतं. रांग लांबीला सहा मैल. त्यातही फक्त काळ्या खडकातल्या खळग्यांत, बोटभर मातीत. वर्षाला वीसेक दिवस दिसतं, मग गायब. पूर्वी तीन ठिकाणी होतं. एका ठिकाणी आता दगडाची खाण आहे. दुसऱ्या ठिकाणी हॉटेल आहे आणि त्या हॉटेलाला फुलाचं शास्त्रीय नाव दिलं आहे. राहिलं हे तिसरं.

“म्हणजे जगात आणखी कुठेच नाही?” काकांनी विचारलं.

“कुठेच नाही.”

“लेखी आहे का हे?”

“मी देते की लिहून.”

त्या दिवशी काका टेकडीवरून उतरले ते वेगळ्याच चालीने. काकूंनी दार उघडलं आणि नवऱ्याकडे दोन क्षण बघितलं. “मान अवघडली का हो? तेल आणू?”

“मान ठीक आहे.”

“मग अशी का धरलीय?”

अभिमानाने माणसाची मान थोडी वर जाते, ही गोष्ट त्या घरात नवीन होती. काकांना चौतीस वर्षांत तिची गरजच पडली नव्हती. मोठ्यात मोठं पत्र त्यांनी स्वतः बांधायचं, शब्द न् शब्द घासूनपुसून घ्यायचा आणि खाली सही साहेबांनी ठोकायची, असाच तो सगळा काळ गेला. आता मात्र जगात फक्त एका ठिकाणी असलेली वस्तू जगातल्या फक्त एका माणसाला सापडली होती आणि तो माणूस ते स्वतः होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी रजिस्टर उघडलं. शास्त्रीय नाव बाईंनी दोनदा उच्चारून दाखवलं होतं, पण ते म्हणताना काकांची कवळी हलायची. बोलीत नाव नव्हतंच, कारण गावात कोणी कधी पाहिलंच नव्हतं. म्हणून रजिस्टरात आणि पुढे बोलण्यातही त्याचं नाव ‘सदर फूल’ असंच पडलं. स्टेशनरीच्या दुकानातून आइसक्रीमच्या असतात तसल्या चपट्या लाकडी काड्या आणल्या, प्रत्येक काडीवर शाईने नंबर घातला आणि प्रत्येक रोपाजवळ एकेक काडी रोवली. रोपं भरली त्रेसष्ट.

“स्वतःच्या मुलांचे दात कधी मोजले नाहीत या माणसाने,” काकू शेजारणीला म्हणाल्या.

त्रेसष्टपैकी शेवटची सहा काकांना जरा अशक्त वाटली. त्यांनी झारी भरून टेकडीवर नेली. चार दिवस नेली. पाचव्या दिवशी सहाच्या सहा रोपं माना टाकून पडली होती. बाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “काका, कोणी पाणी तर नाही ना घातलं?”

“चौकशी चालू आहे,” ते म्हणाले.

“याला लाड चालत नाहीत हो. जिथे दुसरं काही जगत नाही ना, तिथेच हे सुखाने जगतं. याच्यासाठी काहीही करू नका. काहीही न करणं हेच याचं संगोपन.”

काकांनी रजिस्टरात सहा नोंदींपुढे ‘मयत’ लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात ‘अतिकाळजी’.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण अभिमान ही वस्तू एकट्याच्या खिशात मावत नाही. काकांनी फक्त एकालाच सांगितलं. तो एक म्हणजे कॉलनीचे चेअरमन, आणि चेअरमनना सांगणं म्हणजे गच्चीवरून ओरडण्याचा त्यातल्या त्यात स्वस्त प्रकार. संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीची मान वर.

लोक बघायला येऊ लागले. बघून जाणाऱ्याने सल्ला दिल्याशिवाय जायचं नाही, असा जणू ठरावच झाला होता. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनीअर म्हणाले, “यावर छत हवं.” कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, “टॉनिक देऊन बघा, लहान मुलांचं.” शिवणवाल्या बाई म्हणाल्या, “एवढंच होय? आमच्या ताईच्या अंगणात ढिगाने येतं, ती उपटून टाकते.” काकांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी ताईंचा पत्ता घेऊन ते दोन बस बदलून गेले. तिथलं फूल पिवळं होतं, पाच पाकळ्यांचं होतं आणि बशीएवढं होतं. “पण फूलच ना?” शिवणवाल्या बाई म्हणाल्या. काका इतक्या खुशीत परतले की त्यांनी भांडायची संधीसुद्धा सोडून दिली.

आठवड्याभरात स्थानिक वर्तमानपत्राने बातमी छापली. मथळा होता: ‘जगातले एकमेव फूल आमच्या गावात’. खाली फोटो चेअरमनांचा. फुलाचा फोटो नीट छापला जात नव्हता म्हणे, बारीक होतं. मजकुरात काकांचा उल्लेख ‘एक फिरायला जाणारे ज्येष्ठ’ असा होता. काकांनी तो अंक घडी करून ठेवला आणि दोन दिवस पुन्हा उघडला नाही.

तिसऱ्या दिवशी चेअरमन धावतपळत आले. “टिपणीकाका, नगरपालिकेने मनावर घेतलंय! बाग मंजूर! टेकडीवर फूल-उद्यान! फरशीची पायवाट, कारंजं, बाकडी, रंगीत दिवे आणि मधोमध बारा फुटी सिमेंटचं फूल. हुबेहूब!”

“हुबेहूब कसं होईल? ते बटणाएवढं आहे.”

“म्हणून तर बारा फुटी करायचं, लोकांना दिसायला नको? आणि ऐका. संगमरवरी पाटी लागणार. ‘शोधकर्ते’ आणि खाली तुमचं पूर्ण नाव. मी स्वतः भांडून मिळवलंय.”

काका खुर्चीत बसले. पूर्ण नाव. संगमरवरात. आयुष्यात त्यांचं नाव दारावरच्या पत्र्याखेरीज कुठे लागलं नव्हतं आणि त्या पत्र्यावर आडनावाची एक वेलांटी उडाली होती. त्यांनी काकूंना हाक मारली.

जागेची पाहणी करायला नगरसेवक सोमवारी येणार होते. रविवारी संध्याकाळी काका सहज टेकडीवर गेले तर खडकावर नगरपालिकेचा माळी खाली बसून मन लावून काम करत होता. एक रोप उपटायचा, टोपलीत टाकायचा, काडी पुसून खिशात ठेवायचा, मग पुढचं.

“अरे! अरे! काय करतोस?”

“साफसफाई, साहेब. उद्या मोठी माणसं येणार.”

“पण हीच का उपटतोस? आजूबाजूला एवढं गवत आहे!”

माळी अनुभवी होता. शांतपणे म्हणाला, “गवताला नंबर कुठाय? आमच्याकडे ज्या झाडावर नंबर, ते काढायचं. वीस वर्षं हीच पद्धत. तुम्ही तर एवढे ठळक घातलेत की चष्मा लागला नाही.”

काकांनी काड्या मोजल्या. एक ते अकरा गेले होते. त्यातही क्रमाने.

“क्रमाने का रे?”

“यादी असली की क्रम पाळावा लागतो, साहेब.”

चौतीस वर्षं काकांनी हेच लोकांना सांगितलं होतं. ते सरळ खडकावर बसले. माळी दोन मिनिटं थांबला, मग अदबीने म्हणाला, “साहेब, बारा नंबर तुमच्या खाली आहे.”

बारा नंबर वाकला, पण तगला. राहिली सेहेचाळीस.

त्या संध्याकाळी काकांनी बाईंना फोन लावला. उपटलेल्या अकरांचं सांगितलं, बागेचं सांगितलं, फरशीचं, कारंज्याचं. पाटीचं सांगताना आवाज जरा हळू केला. मग विचारलं, “बागेत जगेल ना हो ते?”

“सिमेंटचं जगेल,” बाई म्हणाल्या.

जेवताना काकूंनी विचारलं, “काय म्हणाल्या बाई?” काकांनी सांगितलं. काकू वाढता वाढता थांबल्या. “म्हणजे पाटी लागली की फूल जाणार, आणि फूल राहिलं तर पाटी नाही?”

“असंच काहीसं.”

“मग आता काय करणार?”

“बघतो,” काका म्हणाले आणि काही न खाता उठले. काकूंनी मागून काही म्हटलं नाही. त्या घरात हेही नवीन होतं.

सकाळी नगरसेवक आले, खडक सोडून बाकी सगळीकडे बघितलं, “छान, छान” म्हणाले आणि गेले. काम पुढच्या सोमवारी सुरू होणार होतं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि ते नगरपालिकेत गेले, बाग थांबवण्याचा अर्ज घेऊन.

उद्यान विभागातल्या बाबूने अर्ज वाचला. “फूल वाचवायला बाग थांबवा म्हणता? अहो, बाग फुलासाठीच आहे.”

“पण बागेने ते मरेल.”

“फूल कुंडीत आहे की जमिनीत?”

“खडकात.”

“खडक रकान्यात नाही.”

दुसऱ्या टेबलावर सांगितलं की विरोध असल्यास शंभर सह्या हव्यात. सह्या आणायच्या कुठून, सगळी कॉलनी कारंज्याच्या बाजूने होती. तिसऱ्या टेबलावरचे साहेब तर हसत उठून उभे राहिले, काकांचा हात हातात घेऊन म्हणाले, “तुमचंच नाव पाटीवर येणार ना? विनय बरा, पण इतका?”

काका बाहेरच्या बाकावर येऊन बसले. आयुष्यभर ते टेबलाच्या त्या बाजूला होते. या बाजूचं बाक इतकं कडक असतं हे त्यांना कोणी कळवलं नव्हतं. अर्ज हातात होता. त्यांनी तो सवयीने पुन्हा वाचला, आणि एकदम त्यांना स्वतःचीच लाज वाटली. काय लिहिलं होतं आपण! ‘काम थांबवावे ही नम्र विनंती.’ विनंती! विनंतीवर कोणी काही थांबवतं का? हा अर्ज आपल्या टेबलावर आला असता तर आपण काय केलं असतं? फाइलला लावला असता आणि विसरलो असतो. सरकारात विरोध मेला तरी चालतो. शंका मात्र मरत नाही. तिला नंबर पडतो, तिचं उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर द्यायचं म्हणजे आधी ते कोणी द्यायचं हे ठरवावं लागतं.

काकांनी शेजारच्या माणसाकडून कोरा कागद मागून घेतला. अर्धा तास विचार केला. मग एकच ओळ लिहिली: ‘सदर खडक पाणीपुरवठा विभागाच्या हद्दीत येतो की बांधकाम विभागाच्या, याचा खुलासा होणेस विनंती आहे.’ खाली सही केली. आवक खिडकीवर गेले.

खिडकीवरच्या बाई केस पांढरे होईपर्यंत त्याच खिडकीत बसलेल्या होत्या. त्यांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. चष्मा काढला आणि काकांकडे बघितलं, गवई दुसऱ्या गवयाकडे बघतो तसं.

“कुठल्या कचेरीत होतात?” त्यांनी हळूच विचारलं.

काकांनी सांगितलं.

“वाटलंच,” बाई म्हणाल्या, आणि पोच देताना शिक्का दोनदा फुंकर घालून अगदी सरळ मारला.

पुढे जे झालं ते काकांच्या अंदाजाप्रमाणे शब्दशः झालं. उघडा खडक होता तोवर तो दोन्ही विभागांना नको होता. पण आता तिथे बाग होणार होती, उद्घाटन होणार होतं, पाटीवर खात्याचं नाव येणार होतं. पाणीपुरवठ्याने कळवलं, खडक टाकीला लागून आहे, सबब आमचा. बांधकामाने कळवलं, खडकाकडे जाणारा रस्ता आमचा, सबब खडकही आमचा. मोजणी करायचं ठरलं. मोजणी कोणत्या दगडापासून करायची यावर मतभेद झाले. समिती नेमली. समितीत कोण असावं यासाठी दुसरी समिती नेमली.

सोमवारी फरशीचा ट्रक आला, तासभर उभा राहिला आणि परत गेला.

महिनाअखेर चेअरमन हातात एक पत्र नाचवत काकांच्या घरात शिरले. चेहरा लालबुंद. “वाचा! वाचा हे! ‘उपरोक्त खुलासा होईपर्यंत सदर जागा आहे त्या स्थितीत ठेवण्यात यावी, तसेच सदर जागेवर कोणीही, कोणत्याही कारणास्तव, काहीही करू नये.’ कोणी तरी अर्ज केलाय म्हणे! कोण हा नतद्रष्ट?”

काकांनी पत्र हातात घेतलं. ‘कोणीही, कोणत्याही कारणास्तव, काहीही.’ त्यांना वाटलं, इतकं सुंदर वाक्य गेल्या दहा वर्षांत आपल्या वाचनात आलं नाही. काहीही न करण्याचा लेखी आदेश, शिक्क्यासह!

“अर्जदाराचं नाव नाही विचारलंत?” काकूंनी आतून विचारलं.

“नाव कोण वाचतो, वहिनी? विषय वाचतात.” चेअरमन मटकन बसले. “टिपणीकाका, तुम्ही या लायनीतले. निकाल लागायला किती दिवस लागतील?”

काकांनी प्रामाणिकपणे हिशेब केला. “आमच्या वेळी वीस वर्षं लागली असती. आता सगळं संगणकावर आहे. तीस धरा.”

“तीस!” चेअरमनना खरोखरच दुःख झालं होतं. “तुमच्या पाटीचं फार वाईट वाटतं हो. दगड आणून ठेवला होता. नाव कोरायचं तेवढं राहिलं होतं.”

काकांची मान पुन्हा त्या विशिष्ट कोनात गेली. चेअरमनांनी जाता जाता मानेला शेक घ्यायला सांगितलं.

दार लागलं. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “चला.”

“कुठे?”

“दाखवा मला ते. अजून मी पाहिलेलं नाही.”

“अगं, हंगाम सरला. एखाद-दुसरं असेल तर असेल. आणि तुझे गुडघे?”

“गुडघे माझे आहेत. चला म्हणते ना.”

टेकडी चढायला पाऊण तास लागला. खडकावर पोचल्यावर काकांनी शोधलं. एकच फूल शिल्लक होतं. पण ते इतकं खाली होतं की उभ्याने दिसेना आणि काकूंना खाली बसता येईना. थोडा वेळ दोघांनी प्रश्नाचा सर्व बाजूंनी विचार केला. मग काकू सावकाश, टप्प्याटप्प्याने, खडकावर चक्क पालथ्या झाल्या. हनुवटी हातावर ठेवली. त्यांना नीट दाखवायचं म्हणून काकाही शेजारी पालथे झाले.

“एवढंसंच?” काकू म्हणाल्या.

“एवढंसंच.”

“पाटी कुठे लागणार होती?”

काकांनी बोटाने दाखवलं. बोट बरोबर फुलावर.

काकू पुष्कळ वेळ बघत राहिल्या. वाऱ्याने फूल हललं, मागे वळलेल्या पाकळीसकट. “ऐटबाज आहे,” त्या म्हणाल्या. “आणि अख्ख्या जगात इथेच?”

“इथेच.”

“बरं केलंत,” त्या म्हणाल्या. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती. हे दोन शब्द काकांनी ऐकले आणि त्यांची नोंद करायला खिशातली डायरी काढावी, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं नाही.

मग उठायची वेळ झाली आणि लक्षात आलं की दोघांनाही एकमेकांच्या मदतीशिवाय उठता येत नाही, आणि मदत करायला आधी एकाने उठायला हवं. ते तसेच पडून राहिले. खाली कॉलनीच्या गॅलऱ्यांतून माणसं जमू लागली. टिपणीकाका आणि काकू भर दुपारी टेकडीवर पालथे का पडलेत यावर त्या दिवशी कॉलनीत सतरा तर्क निघाले. त्यांतला एकही बरोबर नव्हता, आणि वरून काकू आरामात हात हलवत होत्या.